सात औट साडेचोवीस

कापडे,
ता. २९ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप दादास,

गोदावरीचा नमस्कार. आम्ही तिघेही इथे धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. विनोदिनीवहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, वाटाण्याची डाळ बंद करा. इकडे शेतांत राब भाजून झाले. गावभर धूर आणि राख, सकाळी वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी पुन्हा धुवावं लागतं. नाचणीचे पापड केलेत, वहिनींसाठी डबा भरून ठेवला होता. पण आता पाठवणार नाही. खुशालीचं इतकं पुरे. दादा, माझं डोकं फिरलं आहे आणि ते का फिरलं हे सांगायला हे पत्र आहे.

आवडीचा चौथीचा निकाल परवा लागला. दुसरी आली. एका मार्काने.

दिवाळीत तू काय म्हणाला होतास ते तुझ्या लक्षात असेल. नसेल तर मी आठवण करून देते, माझ्या लक्षात अक्षर न् अक्षर आहे. तू गॅलरीत सुपारी कातरत बसला होतास, आवडी कठड्याला रेलून चवदार तळ्याकडे बघत होती, आणि तू म्हणालास, "गोदे, पोरगी पहिली आली तर आण इकडे. माझी चार आहेत, ही पाचवी. हायस्कुलात घालू. मधेच कुठेतरी आली तर मात्र उगाच ओढाताण नको. मुलीची जात, चौथी पुष्कळ झाली." पोरीने मान वळवली नाही, पण कान तुझ्याकडेच होते. इथली शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर महाड, आणि महाडात आम्हाला हक्काचं घर एकच. म्हणजे पहिला नंबर आला असता तर पाचवी, नाही तर चूल. एवढं सरळ गणित होतं.

तर तो एक मार्क कुणी खाल्ला ऐक. तिच्या बापाने.

इथे मास्तर एकच. पेपर काढणारे हे, तपासणारे हे, निकाल वाचणारेही हेच. लेखी परीक्षेत आवडी येसाजी पाटलांच्या हैबतीपेक्षा सहा मार्कांनी पुढे होती. हे मला निकालाआधीच ठाऊक होतं, कारण पेपर आमच्याच फळीवर होते आणि मी आंधळी नाही. राहिली तोंडी परीक्षा. तोंडी म्हणजे इथे जत्राच असते. शाळा मारुतीच्या देवळात भरते, त्यामुळे ज्याला काम नाही तो खांबाला टेकून ऐकायला बसतो. यांनी हैबतीला औटकी विचारली. साडेतीनचा पाढा, तू आणि मी बाबांपुढे रडत रडत पाठ केला होता तोच. हैबती सहा औट एकवीसपर्यंत नीट आला आणि सातावर अडला. छपराकडे बघितलं, मारुतीकडे बघितलं, कुणीही मदत केली नाही. शेवटी "सात औट सत्तावीस" म्हणाला आणि देवळात हशा पिकला.

मग आवडी उभी राहिली. एक औट औट, बे औट सात, इथून जी निघाली ती दहा औट पस्तीसपर्यंत थांबली नाही. सात औट साडेचोवीस तर असं ठणकावलं की बाहेर मला ऐकू आलं. वर न विचारता सगळी औटकी उलट म्हणून दाखवली. राहीबाई माझ्या शेजारी उभी होती. आमची शेजारीण, हिनेच पोरीला पाळण्यात घालताना 'आवडी' म्हटलं आणि तेच नाव शाळेच्या पटावर गेलं. ती म्हणाली, "काय गो बाय, हिच्या तोंडात गिरण हाय काय?"

या मुलीला यांनी पंचवीसपैकी बारा दिले. हैबतीला एकोणीस. आता तूच बेरीज कर.

निकालाच्या दिवशी इथे गावचा नारळ असतो. जो पहिला येईल त्याच्या हातात पाटील गावातर्फे नारळ देतात. तो लगेच फोडायचा नाही. घरी देवांपुढे ठेवायचा आणि मूल पाचवीच्या शाळेची पायरी चढेल त्या दिवशी वाढवायचा. यंदा येसाजी पाटलांवर आपल्याच मुलाच्या हातात नारळ द्यायची पाळी आली. माणूस सरळ आहे, त्याचा चेहराच पडला. म्हणाला, "मास्तर, पुन्यांदा वाचा. चुकी झाली नाय ना? माझा पोर सातावर आडला व्हता, म्या सोता आयकला हाय." हे म्हणाले, "वाचलं तेच बरोबर आहे." हैबती तर बिचारा नारळ घेऊन आवडीकडेच बघत उभा. त्याला जूनपासून गुरांमागे जायचं आहे, पाचवी त्याच्या घरी कुणाला नको आहे. तो नारळ आता पाटलांच्या माळ्यावर पडेल आणि त्याला कोंब फुटेल.

राहीबाई परतताना वाटेभर बडबडत होती, "पोर तोंडान बोलली, मास्तरान कानान आयकलान नाय काय?" मला कुठे तोंड लपवू असं झालं.

घरी आल्यावर मी यांना विचारलं. एकदा नाही, सात वेळा विचारलं. हे टोपी खुंटीला लावून बसले आणि एवढंच म्हणाले, "मास्तरच्या मुलीला एक पायरी खाली बसवलेलं बरं. लोक बोलतात." झालं. आमच्या आधीचे मास्तर आपल्या मुलाला दर वर्षी पहिला काढत. मग कुणीतरी निनावी अर्ज केला आणि मास्तरांची बदली झाली कुडपणाला, थेट डोंगरावर, ढगांत. तेव्हापासून इथे मास्तरकी म्हणजे तारेवरची कसरत आहे, हे मला कळतं. पण म्हणून पोटच्या पोरीच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या पानात वाढायचं? तेही ज्याला भूक नाही त्याच्या? मी काय काय बोलले ते लिहीत नाही. भांडी फुटली नाहीत ती पितळेची होती म्हणून.

आणि आवडी रडली नाही. ती रडली असती तर मला जरा सोपं गेलं असतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, बापाजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, मी कुठे चुकले ते सांगा ना. म्हणजे तेवढं पाठ करीन." हे उठले आणि नदीकडे निघून गेले. पायात वहाणासुद्धा घातल्या नाहीत.

दादा, कुठला बाप असं करतो? तू मोठा आहेस, हे तुझा मान ठेवतात. तू यांना पत्र लिही. सरळ खडसाव, भीड धरू नकोस. तुझी अट तू मोड असं मी म्हणणार नाही. शब्द तो शब्द, तू दिलास तसा मीही ऐकला. माझ्या वेळीही असंच झालं होतं. मी मुलींच्या शाळेत चौथीत पहिली आले होते, बाबांनी घरी बसवलं, तू तेव्हा मॅट्रिकला होतास आणि घरात तुझा शब्द चालायचा. तू तोंडातून ब्र काढला नाहीस. तेव्हा गप्प बसलास, आता तरी बोल.

तू दिवाळीत तिच्या परकर-पोलक्यासाठी दिलेलं निळं कापड ट्रंकेत तसंच आहे. शिवायला वेळच झाला नाही. आता घाई कसली.

तुझी संतापलेली,
गोदावरी


कापडे,
ता. १६ मे १९५८

दादास,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली, माझं आणि यांचं.

मी तुला खडसाव म्हटलं होतं, जोडे मार म्हटलं नव्हतं. "स्वतःच्या लेकीचा गळा कापणारा बाप मी आजवर पाहिला नव्हता." हे वाक्य लिहिताना तुझा टाक अडखळला नाही का? अकरा वर्षं हा माणूस या डोंगरात पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावतो आहे. पावसात नदी चढली की पलीकडच्या पोरांना खांद्यावर बसवून आणतो. शेरभर तांदूळ कुणी आणून दिला तर परत पाठवतो. त्याला तू, महाडात पंख्याखाली बसून, गळेकापू म्हणतोस? माझ्या नवऱ्याला बोलायचं असेल तर मी बोलेन. तुला कुणी सांगितलं होतं?

हो, मीच सांगितलं होतं. माहीत आहे मला.

हे पत्र यांनी कसं वाचलं ते ऐक. दोनदा वाचलं. मग चार घड्या घातल्या. मी तांदूळ निवडत होते, सुपाच्या कडेला ते पत्र ठेवलं आणि म्हणाले, "यात एक चूक आहे. ते 'एक पायरी खाली'चं वाक्य माझं नाही, हे तू दादांना लिहिलं नाहीस." एवढं बोलून हाताला तेल लावलं आणि फणस फोडायला बसले. गरे काढले, आठळ्या वेगळ्या केल्या, चीक पुसला. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. पण यांना ओरडायची सवयच नाही, सगळं ओरडणं माझ्याच वाट्याला आलं आहे.

आधी तुझ्या दुसऱ्या पत्राचं बोलते. तू लिहितोस, "दुसरी तर दुसरी, एका मार्काने काय होतं, आण तिला. विनोदिनी म्हणते, पोरीची पेटी भरायला घे." वा रे वा. एका मार्काने काही होत नव्हतं, तर दिवाळीत अट कशाला घातलीस? पोरगी म्हणजे काय शर्यतीचा बैल आहे, पहिला आला तर गोठ्यात, नाही तर बाजारात? सहा महिने ती पोर त्या अटीवर उठली, त्या अटीवर जेवली. आणि आता तू पान थुंकावं तशी अट थुंकून मोकळा. तुझं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी ते पिठाच्या डब्याखाली दडवलं. यांनाही दाखवलं नाही.

का दडवलं हे तू विचारशील. थांब, त्याच्यावरच येते आहे. लिहिताना सारखी उठते आहे, दोनदा पाणी प्यायले.

आवडी रोज सकाळी औटकी म्हणते. निकाल लागल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. अंगण झाडते आणि म्हणते. गाईच्या पाठीवर हात फिरवते आणि म्हणते. पाटीवर लिहून काढते, पुसते, पुन्हा लिहिते. राहीबाईला समोर बसवून ऐकायला लावते. राहीबाईला आकडे कळत नाहीत, ती आपली मान डोलावते, "बराबर हाय गो बाय, समदा बराबर हाय." पोरगी तिला म्हणते, "नाही, कुठेतरी चुकतंय. तुम्ही नीट ऐका." काल माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, सात औट साडेचोवीस म्हणताना मी 'साडे' हळू म्हटलं असेल का? बाबांना नुसतं चोवीस ऐकू गेलं असेल."

दादा, ती नसलेली चूक शोधते आहे. अठरा दिवस शोधते आहे. आणि ती चूक कुठे आहे हे या घरात दोन माणसांना ठाऊक आहे.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुरण वाटत होते. हे पाटावर बसून पट लिहीत होते, खुशीत होते. म्हणाले, "आता आवडीबाई महाडकर होणार. पहिली येणार, दुसरं आहे कोण?" आणि माझ्या तोंडून गेलं, "मास्तरच्या मुलीला एक पायरी खाली बसवलेलं बरं. लोक बोलतात. कुडपण विसरलात वाटतं." यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "ती पुढे आहे गोदावरी, मी तिला मागे कशी बसवू?" मी म्हटलं, "लेखी कुणीही बघेल. तोंडी तुमच्या हातात असते."

असं म्हटलं मी. माझ्याच तोंडाने, पुरणात वेलदोडे घालता घालता. मग पोळ्या लाटल्या, सगळ्यांना वाढल्या, मीही जेवले.

यांनी टाक उचलला आणि पट पुढे लिहायला घेतला. मीही पुन्हा विषय काढला नाही. काढायची गरजच नव्हती, यांना मी ओळखते, एकदा भीती मनात गेली की ती यांच्या मनातून निघत नाही. निकालाच्या दिवशी यांनी माझंच वाक्य मला परत दिलं, तेव्हा मला वाटलं होतं की हे लाजतील, माझं नाव घेतील, मग मी भांडून मोकळी होईन. यांनी नाव घेतलं नाही. म्हणून मी जास्तच भांडले. तुला पत्र लिहून तुझ्याकडूनही भांडले.

लोकांची भीती मला नव्हती. येसाजी पाटील कसा आहे हे तुला सांगितलंच. अर्ज करणारी माणसं आता गावात उरलेली नाहीत, आणि असती तरी आवडी पहिली आली म्हणून कुणी हूं केलं नसतं, सगळ्या देवळाने तिला ऐकलं होतं. मला ती जायला नको होती, एवढंच. लिहिलं एकदाचं.

या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोण आहे सांग. हे दिवसभर शाळेत बोलतात आणि घरी येऊन मुके होतात. बायका चांगल्या आहेत, पण त्यांचं बोलणं भात, गुरं आणि सासू यांपलीकडे जात नाही आणि माझं तिथे पोचत नाही. आवडी वाण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा सरळ करून मला वाचून दाखवते. मी भाकरी थापते, ती भूगोलातल्या नद्या म्हणते आणि मला विचारते, कृष्णा कुठे मिळते? मला येत नाही, मी चौथी. ती हसते आणि सांगते. हे गेलं तर मी या घरात काय करू? चुलीशी बोलू?

आणि पुढचं तर मला काल उमगलं. तुला आठवतं, मला घरी बसवलं तेव्हा नेमकं काय झालं? बाबा पुढे पाठवायला तयार होते. मी माजघराच्या दाराआड उभी होते, मी ऐकलं होतं. आई म्हणाली, "राहू दे तिला घरात. मला हाताखाली हवी." बाबा गप्प बसले, तू गप्प बसलास. मी इतकी वर्षं बाबांवर रागावले, तुझ्यावर रागावले, दर भाऊबीजेला तुला ओवाळताना मनातून रागावले. आईवर एक दिवस रागावले नाही. आई शेवटपर्यंत माझ्या हातची पेज मागायची, तिच्यावर कसं रागवायचं? आता आवडीही असंच करील. बापावर रागावेल, मामावर रागावेल आणि माझ्या हातची पेज पिईल.

मला माझाच इतका राग आला आहे दादा, की तांदूळ निवडता निवडता सूप भिंतीवर मारलं. सगळे तांदूळ पुन्हा गोळा केले, पुन्हा निवडले. तिला सांगायला हवं, हे कळतं. सांगवत नाही. उद्या सकाळी ती पुन्हा अंगणात सुरू करील, एक औट औट.

यांची माफी मागणारं पत्र तू लिही. पोस्टकार्ड नको, पाकीट पाठव. तेवढं तरी कर.

गोदावरी


कापडे,
ता. ७ जून १९५८

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

निळं कापड ट्रंकेतून काढलं. दोन परकर, तीन पोलकी झाली. दुसऱ्या पोलक्याच्या बाह्यांना हात घातला होता, आवडी समोर बसून सुईत दोरा ओवून देत होती, आणि तोंडाने औटकी चालूच. मी म्हटलं, "बस कर. तू चुकली नव्हतीस." आणि सगळं सांगितलं. शिमग्याचं, तोंडीचं, यांनी माझं नाव का घेतलं नाही त्याचं, डब्याखाली दडवलेल्या तुझ्या पत्राचंही. काही राखून ठेवलं नाही, राखलं असतं तर पुन्हा दुसरं पत्र लिहावं लागलं असतं.

तिने आधी एकच विचारलं, "म्हणजे साडेचोवीस बरोबर होतं?" मी म्हटलं, बरोबर होतं. दादा, तिने असा श्वास सोडला, जसं कुणी डोक्यावरची मोळी टाकावी. उठून बाहेर पळाली आणि कुंपणावरून राहीबाईला ओरडून सांगितलं, "मी चुकले नव्हते! बरोबरच होतं!" राहीबाई म्हणाली, "म्या काय येगळा सांगत व्हते?" मी आतून ऐकलं आणि मला वाटलं, सुटले.

मग ती परत आली. दारात उभी राहिली. चेहरा हळूहळू बदलला, बापासारखा होतो तसा. म्हणाली, "मी रोज म्हणत होते. तू रोज ऐकत होतीस." सुई-दोरा उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि गाईकडे निघून गेली.

त्याला आज सात दिवस झाले. माझ्याशी बोलत नाही. बापाशी बोलते, गाईशी बोलते, राहीबाईशी तर पाणी भरताना हसतेसुद्धा. मी वाढलं तर जेवते, विचारलं तर मान हलवते. आणि औटकी बंद. सकाळी अंगणात नुसता खराट्याचा आवाज येतो. मला राग येतो, अजून येतो. मी आई आहे, मी खरं सांगितलं, माझ्याशी बोलायला काय होतं हिला? मग आठवतं, हा राग कुणाकडून आलाय तिला. मी तर आईशी बोलत राहिले होते. हिने माझ्यापेक्षा बरं केलं.

यांनीही आपल्या परीने केलं. पंचायतीच्या दिवशी देवळात सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "तोंडीचे मार्क मी चुकीचे दिले. मुलगी पहिली होती. पटावर खाडाखोड करत नाही, पण गावाला सांगतो आहे. कुणाला अर्ज करायचा असेल तर नाव घालून करा." मला यांनी सांगितलं नाही, राहीबाईकडून कळलं. येसाजी पाटील मिशी चावत म्हणाला, "मास्तर, तुमाला कुडपनाला धाडला तर आमच्या पोरांना कोन शिकवनार? बसा खाली."

काल संध्याकाळी तो स्वतः घरी आला. नारळ घेऊन. हैबतीही बरोबर होता, बापाच्या मागे लपून. पाटील आवडीच्या हातात नारळ देऊन म्हणाला, "ह्यो तुझा हाय गो. माझ्या घरात कोंब फुटाची वाट बगत व्हता. जा, शाळंची पायरी चढलीस का फोड." हैबती मागून म्हणाला, "सात औट साडेचोवीस. आता मला बी येतंय." पोरीने नारळ कानाशी हलवला, आत पाणी आहे का पाहिलं, आणि हसली. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. माझ्याकडे वळली नाही.

हे पत्र टपालाने येत नाही आहे. हे पत्र तुझ्या हातात देणारी आवडीच आहे. हे तिला सोडायला आले आहेत, पोलादपूरपर्यंत चालत आणि तिथून एस.टी.ने. पाकीट मी मुद्दाम चिकटवलं नाही. वाटेत वाचलं असेल तर वाचलं असेल, तिला वाचता येतं.

पेटीत परकर-पोलकी, नाचणीचे पापड वहिनींसाठी, आणि तळाला टॉवेलात गुंडाळलेला गावचा नारळ. शाळेच्या पहिल्या दिवशी पायरीजवळ तिच्या हाताने वाढव. खोबरं तुझ्या चौघांना वाट, एक वाटी तिच्यासाठी ठेव. दाखल्यावर 'दुसरा क्रमांक' लिहिलं आहे. यांना ते खोडता येणार नाही आणि मी खोडू देणार नाही. कुणी विचारलं तर तिने काय सांगायचं ते तिचं ती ठरवील.

केसांना तेल लावायला कंटाळते, शनिवारी जबरदस्तीने लाव म्हणावं वहिनींना. डाळिंब्यांची उसळ आवडते. आजारी पडली तर सांगणार नाही, चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. घरी पत्र लिहिताना बापाला लिहील, मला लिहिणार नाही. लिही म्हणून तिच्या मागे लागू नकोस. मी वाट बघेन, तेवढं मला करता येतं.

सकाळी निघताना तिने माझ्या पाया पडायला नकार दिला नाही, पण वाकली ती लांबूनच. मी तिला जवळ ओढलं नाही. यांनी पेटी उचलली. ओढ्यापर्यंत मी मागे मागे गेले, तिथून परत आले, आणि तुझ्यासाठी एवढं शेवटचं लिहायचं राहिलं म्हणून धावत जाऊन त्यांना गाठलं. दगडावर कागद ठेवून लिहिते आहे, हे पाठ फिरवून उभे आहेत आणि ती नदीकडे बघते आहे.

दादा, तिला आधी आत घे, मग हे पत्र वाच. आणि घरात कुणी हौसेने तिला औटकी म्हणून दाखव म्हणू नये, तूसुद्धा नाही. येते तिला.

पहिल्या आलेल्या मुलीची आई,
गोदावरी